सहा नंबर घ्या, साहेब

प्रेमानंद कुठल्याही साहेबाला ‘चुकलं’ असं म्हणत नाही. त्याची रीत वेगळी आहे. साहेब बॉलपाशी उभे राहून विचार करू लागले, की तो खांद्यावरची बॅग जमिनीवर टेकवतो, तिच्यातल्या गोल्फच्या बारा-चौदा स्टिकांपैकी जी घ्यायला हवी ती दोन बोटं वर सरकवतो, आणि मग लांब कुठेतरी, एखाद्या टिटवीकडे वगैरे, पाहत राहतो. साहेबांचा हात आपोआप त्या वर आलेल्या स्टिकवर पडतो. फटका चांगला बसला तर तो साहेबांचा. वाईट बसला तरी साहेबांचाच, कारण प्रेमानंद काही बोललेलाच नसतो. आमच्या ह्यांची बॅग त्याने एकोणीस वर्षं उचलली, आणि शेवटपर्यंत ह्यांची अशी समजूत होती, की स्टिक निवडण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही.

काटोल रोडने शहराबाहेर पडलं, की साधारण अर्ध्या तासाने डाव्या हाताला आमचं गोल्फचं मैदान लागतं. तीन बुटक्या टेकड्या, मध्ये एक तळं, आणि दोन बाजूंना संत्र्यांच्या बागा. डिसेंबरात बागांमध्ये तोडणी चालू असते, आणि सकाळी दव असेपर्यंत संत्र्याच्या सालीचा वास थेट पहिल्या टीपर्यंत येतो. टी म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा ती जागा. आकाश स्वच्छ असलं तर पूर्वेकडे कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. नवे लोक त्यांना नाकं मुरडतात. इतक्या सुंदर जागी ह्या कशाला दिसायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं. प्रेमानंदला त्या चिमण्यांवाचून चालत नाही. जमिनीजवळचा वारा टेकड्यांमुळे फसवतो, पण चिमणीचा धूर खोटं बोलत नाही, असं तो म्हणतो. चेंडू उंच गेला की त्याला तोच वारा लागणार, जो त्या धुराला लागतो.

तो तळ्यापलीकडच्या वस्तीतला. त्याचे आजोबा छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला पायी गेले होते, आणि घरात आजही ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगितली जाते. वडील गवंड्याच्या हाताखाली कामाला होते. मैदान तयार होऊ लागलं तेव्हा प्रेमानंद चौदा वर्षांचा होता. आधी मुरूम वाहिला, मग गवत लावलं, आणि साहेब लोक खेळायला येऊ लागल्यावर कॅडी म्हणून त्यांच्या बॅगा उचलल्या. या गोष्टीला त्रेचाळीस वर्षं झाली. खेळायला त्याला कोणी शिकवलं नाही. लोखंडी सळईचं टोक वाकवून, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्याने पहिली स्टिक बनवली, आणि तळ्यात बुडालेले चेंडू काढून साहेब घरी गेल्यावर संध्याकाळी तो मारत बसायचा. मी एकदा त्याला विचारलं होतं, की फटका मारायचा कसा हे कळलं कुठून. तो म्हणाला, “सायबाईच्या पाठी पाहून शिकलो, बाई. कॅडीले दुसरं काय दिसते?”

आणि ते खरं आहे. त्याचा फटका पाहिला की मैदानावरचे निम्मे जुने सभासद आठवतात. खांदा वळवतो तो एका निवृत्त न्यायाधीशांसारखा. मनगट सोडतो ते आता कॅनडाला मुलाकडे राहणाऱ्या एका इंजिनिअरांसारखं. आणि छिद्रापाशी शेवटचा हलका फटका मारायला वाकतो तो थेट आमच्या ह्यांच्यासारखा, डावा गुडघा किंचित आत घेऊन. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थोडा वेळ दुसरीकडे पाहत राहिले. आता सवय झाली आहे.

गेल्या दिवाळीनंतर क्लबमध्ये एक जागा निघाली. सकाळी बायका आणि मुलं शिकायला येतात, त्यांच्यासाठी पगारी शिक्षक हवा होता. क्लबच्या कॅप्टन मिनल देऊळकर यांनी प्रेमानंदचं नाव सुचवलं. कमिटीत दोन मतं झाली. कॅडी शिकवणार म्हणजे लोक काय म्हणतील, पुण्याहून इंग्रजी बोलणारा कोच आणू, असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी असं ठरलं, की प्रेमानंदने महिन्याच्या स्पर्धेत सगळ्यांबरोबर एक पूर्ण फेरी खेळावी. अठरा होल, ऐंशी किंवा त्याहून कमी फटके. जमलं तर जानेवारीपासून जागा त्याची. नाही जमलं तर पुण्याला फोन. दुसरी संधी नाही.

प्रेमानंदला ती जागा हवी होती, आणि ते त्याने कुणापासून लपवलं नाही. त्याचा उजवा गुडघा गेला आहे. हे त्याला सांगितलं ते हाडांचे डॉक्टर सुशील खापरे यांनी. गेली दहा वर्षं ते दर रविवारी त्याच्याच खांद्यावर बॅग देऊन खेळतात. एक्स-रे पाहून ते म्हणाले होते, की आणखी एक हिवाळा बॅग उचलशील, फार तर दोन. त्या दिवसापासून डॉक्टरांनी स्वतःची बॅग चाकांच्या ढकलगाडीवर घातली. प्रेमानंद नुसता बरोबर चालायचा, आणि डॉक्टर पैसे तेवढेच द्यायचे. ते त्याला आवडत नव्हतं. बसल्याचा पगार घेतो असं लोक म्हणतील, असं त्याची बायको कौशल्या मला बागेच्या कुंपणापाशी सांगत होती. ती तिथे तोडणीला जाते.

स्पर्धेत प्रत्येक खेळाडूचं कार्ड दुसऱ्या कोणीतरी लिहायचं असतं. त्याला मार्कर म्हणतात. प्रेमानंदला डॉक्टरांबरोबर खेळायला दिलं होतं, पण त्याचं कार्ड डॉक्टरांनी लिहावं हे कमिटीला पटेना. दहा वर्षांचा घरोबा. मग मिनलताईंनी मला फोन केला. मी खेळत नाही, पण ह्यांच्याबरोबर मी वीस वर्षं मैदान चालले, आणि प्रत्येक फेरी रात्री डायरीत लिहिली. कुठल्या होलला किती फटके हे मी चुकवणार नाही असा सगळ्यांचा विश्वास होता. मी हो म्हटलं. डॉक्टरांचं कार्ड मात्र प्रेमानंदनेच लिहायचं होतं. ते त्याला फार गमतीचं वाटलं. दहा वर्षं तोंडी मोजले, आता लेखी मोजतो, असं तो म्हणाला.

सात डिसेंबर, रविवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही पहिल्या टीवर होतो. प्रेमानंदने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी दिसत होती. त्याच्या बॅगेत सातच स्टिका होत्या, सगळ्या कुणी ना कुणी दिलेल्या. स्टिकचा नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो. त्यात सहा नंबर नव्हता, आणि हे पुढे महत्त्वाचं ठरलं म्हणून लिहून ठेवते. बाकीचे कॅडी त्याची बॅग उचलायला आपसात भांडत होते. त्याने कोणालाच दिली नाही. “कोणी माह्या मांगं बॅग घेऊन चाललं का मले चालनंच सुदरत नाई,” तो म्हणाला.

मी कार्डावर नाव लिहायला घेतलं आणि थांबले. इतक्या वर्षांच्या माझ्या वह्यांमध्ये तो सगळीकडे नुसता प्रेमानंद आहे. आडनाव मी कधी लिहिलंच नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं. तेव्हा विचारलं. “गजभिये,” तो म्हणाला. “प्रेमानंद शालिक गजभिये. पुरं लिहा, बाई.” मी पूर्ण लिहिलं. आणि त्या दिवशी त्याला अहो-जाहो करायचं ठरवलं, कारण मी मार्कर होते आणि तो खेळाडू.

मिनलताईंनी सगळ्यांना नियम वाचून दाखवले. त्यातला एक असा, की स्पर्धेत खेळणाऱ्याने दुसऱ्या खेळाडूला सल्ला द्यायचा नाही आणि मागायचाही नाही. कुठली स्टिक घ्यावी, कसं मारावं, काही नाही. दिला तर देणाऱ्याला दोन फटके दंड, मागितला तर मागणाऱ्याला दोन. प्रेमानंद मान हलवत होता. नियमांचं पुस्तक त्याने कधी वाचलेलं नाही, पण त्रेचाळीस वर्षं साहेबांची भांडणं ऐकून त्याला ते पाठ आहे.

त्याचा पहिला फटका सरळ गेला, मधोमध. तो वळून माझ्याकडे नुसता पाहून हसला आणि बॅग उचलून चालू लागला. त्याला शंका नव्हती. चौथ्या होलपाशी डॉक्टर त्याला म्हणाले, की अरे, जरा तरी घाबर, आम्हाला बरं वाटेल. तो म्हणाला, “या जमिनीवर मी मुरूम टाकला आहे, साहेब. ते मले काहून फसवन?”

मैदानाची ओळख कशी असते ते त्या सकाळी मला पुन्हा दिसलं. सहाव्या होलला सगळे ज्या हिरव्या पट्ट्यावर चेंडू टाकतात, तिथे त्याने टाकला नाही. पलीकडे खडकाळ दिसणाऱ्या बाजूला टाकला. तिथे जमिनीखाली जुनी पाऊलवाट आहे, म्हणे, चेंडू टप्पा घेऊन पुढे पळतो. तो पळाला. आठव्याला त्याच्या चेंडूने तळ्याच्या काठच्या दगडाला स्पर्श केला आणि तो बाहेर आला. ते मात्र नशीब, असं त्याने स्वतःच कबूल केलं. नऊ होल झाले तेव्हा माझ्या कार्डावर चाळीस होते. प्रत्येक होल किती फटक्यांत व्हावा हे ठरलेलं असतं, त्या हिशेबाने नऊ होलांचे छत्तीस. म्हणजे तो चारच जास्त होता. आम्ही थर्मासमधला चहा घेतला. डॉक्टरांचे एकावन्न झाले होते आणि ते प्रेमानंदने ठळक अक्षरात लिहिले होते.

चौदा होल संपले तेव्हा त्याचे एकसष्ट झाले होते. उरले चार होल आणि हातात एकोणीस फटके. त्या चार होलांचे ठरलेले सोळा. माझ्या मनात आलं, की आता हे झालंच. असं मनात येऊ द्यायला नको होतं.

पंधरावा होल आमच्या मैदानावरचा सगळ्यांत देखणा. टी टेकडीवर, खाली तळं, पलीकडच्या काठावर छिद्राभोवतीची गोल हिरवळ, आणि तिच्यामागे अगदी सरळ रेषेत कोराडीच्या चिमण्या. एका फटक्यात तळं ओलांडायचं. धूर आमच्या दिशेने वाकला होता, म्हणजे वारा समोरून होता, जरी टीवर पानही हलत नव्हतं. प्रेमानंदला मारायचा होता तो सहा नंबरचा फटका, पण सहा नंबर त्याच्याकडे नव्हता. त्याने पाच नंबर हलक्या हाताने मारला. चेंडू तळ्यावरून गेला आणि हिरवळीच्या मध्यावर बसला. उत्तम फटका. तो बाजूला झाला.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी ढकलगाडीवरच्या बॅगेतून सात नंबर काढला, दोनदा हवेत फिरवून पाहिला. प्रेमानंद नेहमीच्या जागी, त्यांच्या उजव्या हाताला, तीन पावलं मागे उभा होता. बॅग त्याच्या हातात असती तर त्याने सहा नंबर दोन बोटं वर सरकवला असता आणि टिटवी शोधत बसला असता. पण बॅग गाडीवर होती, आणि हात मोकळे होते. शिवाय त्याच्या मनात मघापासून सहाच घोळत होता.

“धूर इकडेच येऊन राहिला, साहेब,” तो म्हणाला. “सात नाई. सहा घ्या.”

डॉक्टरांनी सात ठेवला, सहा घेतला आणि मारला. चेंडू प्रेमानंदच्या चेंडूपासून चार हातांवर जाऊन पडला. डॉक्टर म्हणाले, वा. प्रेमानंद म्हणाला, वा. दोघं टेकडी उतरू लागले.

दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी ऐकलं होतं. टेकडीवर दुसरं कोणी नव्हतं.

टेकडीवरून हिरवळीपर्यंत तळ्याच्या बांधावरून जावं लागतं. माझ्या चालीने ती सात मिनिटं होतात. पहिली तीन-चार मिनिटं मी काय विचार केला ते इथे लिहीत नाही, डायरीत आहे. मग मला एवढंच सुचलं, की लिहायचं तर आहेच, प्रश्न फक्त कधी सांगायचं हा आहे. फेरी संपल्यावर कार्डं जमा करायच्या तंबूत सांगितलं, तर त्याच्या हातात करण्यासारखं काही उरणार नाही. आत्ता सांगितलं तर तीन होल उरतात. मी पुढे चालणाऱ्या दोघांना हाक मारली.

“प्रेमानंद, तुम्ही टीवर डॉक्टरांना काय सांगितलंत?”

तो वळला. आधी त्याला प्रश्नच कळला नाही. मग त्याचा उजवा हात नकळत खांद्याकडे, जिथे डॉक्टरांची बॅग असायची तिकडे गेला, आणि त्याला कळलं. तो बांधावर तसाच उभा राहिला.

डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर ते चिडले. माझ्यावर नव्हे, त्या नियमावर. माणसाच्या सवयीचा दंड कसला करता, असं म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी तर काही ऐकलंच नाही.”

प्रेमानंद त्यांच्याकडे पाहून हसला. “तुमी नाई आयकलं तं मंग सात नंबर ठेवून सहा कसा काय घेतला, साहेब?”

प्रेमानंद माझ्याकडे वळला. “लिवा, बाई. दोन लिवा.”

हिरवळीवर त्याने दोन फटक्यांत चेंडू छिद्रात घातला. टीवरचा एक आणि हे दोन, मिळून तीन. मी सवयीने तीनच लिहिले, मग त्यावर एक आडवी रेघ मारली, वर पाच लिहिले आणि बाजूला माझी आद्याक्षरं. खोडरबर वापरायचा नाही, चूक एका रेघेत खोडायची आणि शेजारी आपली सही करायची, हे आम्हाला शाळेत नन्सनी शिकवलं होतं, आणि गोल्फच्या कार्डाचा नियमही तोच आहे. सहासष्ट झाले. आता तीन होल आणि चौदा फटके. त्या तीन होलांचे ठरलेले तेरा.

सोळाव्याला त्याचं बिघडलं. तो चिडला नव्हता, पण तोंड घट्ट मिटून चालत होता, आणि मिटलेल्या तोंडाने त्याला खेळता येत नाही असं दिसलं. डॉक्टर समोर चुका करत होते. प्रत्येक चुकीला प्रेमानंद ओठांवर आलेलं आवरून दुसरीकडे बघायचा. त्या गडबडीत त्याचा स्वतःचा एक सोपा फटका छिद्राच्या कडेवरून गेला. चारच्या जागी पाच. एकाहत्तर. हाताशी होता तो एक जादा फटका संपला.

सतराव्याच्या टीवर तो बॅगेवर बसला आणि पाणी प्यायला. डॉक्टरांनी त्याच्यापासून मुद्दाम लांब जाऊन उभं राहायचं ठरवलं होतं. मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसले. मला वाटलं तो काही बोलेल, कौशल्याबद्दल किंवा गुडघ्याबद्दल. तो म्हणाला, की साहेब सोळाव्यावर डोकं लवकर उचलत होते. मी म्हटलं, ते मला सांगू नका, मी मार्कर आहे. तो म्हणाला, “तुमाले सांगितलं तं दंड नाई. तुमी कुठं खेळून राहिल्या?” आणि हे बोलल्यावर त्याला एकदम बरं वाटलं. मग फेरी संपेपर्यंत तो डॉक्टरांच्या प्रत्येक फटक्याचा दोष माझ्या कानाशी, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, सांगत राहिला. सतराव्याला चारच्या जागी चार. पंच्याहत्तर.

अठरावा होल लांब आहे, पाच फटक्यांचा. डाव्या हाताला सबंध संत्र्यांची बाग, आणि कुंपणापलीकडे चेंडू गेला की तो गेलाच, वर दंड. प्रेमानंदला बरोबर पाच हवे होते. त्याने पहिला फटका मारला तो इतका मजेत, की जणू संध्याकाळी साहेब घरी गेल्यावर एकटाच मारतो आहे. चेंडू उजव्या अंगाने गेला आणि टप्पे घेत मध्ये आला. बागेत तोडणीवाल्या बायका थांबून पाहत होत्या. त्यांत कौशल्या होती. तिने हात वगैरे केला नाही, पाटी डोक्यावरून उतरवून नुसती उभी राहिली.

दुसऱ्या फटक्याला डॉक्टरांची पाळी आधी होती. ते चेंडूपाशी उभे राहिले, बागेकडे पाहिलं, हिरवळीकडे पाहिलं, आणि मागे न वळता, दहा वर्षं जसं विचारत आले तसं विचारलं, “प्रेमानंद, काय घेऊ?”

प्रेमानंदने कानामागची पेन्सिल काढली, खिशातलं डॉक्टरांचं कार्ड उघडलं आणि त्याच्या कोपऱ्यात काहीतरी टिपून घेतलं.

“मागनाऱ्यालेबी दोन पडतात, साहेब,” तो म्हणाला.

डॉक्टर आधी वळून पाहतच राहिले. मग इतके हसले, की त्यांना स्टिक जमिनीवर टेकून उभं राहावं लागलं. त्यानंतर त्यांनी चेंडू कुंपणापलीकडे बागेत मारला.

प्रेमानंदचा दुसरा फटका चांगला गेला. तिसऱ्याला हिरवळ सव्वाशे पावलांवर राहिली होती. आता चिमण्या आमच्या पाठीमागे होत्या. तो वळला आणि त्याने धूर पाहिला. मग त्याने एक गोष्ट केली जी मी त्याला स्वतःसाठी करताना कधी पाहिली नव्हती. बॅग जमिनीवर टेकवली, तिच्यातला नऊ नंबर दोन बोटं वर सरकवला, आणि बागेच्या वर उडणाऱ्या बगळ्यांकडे पाहत राहिला. पाहता पाहता त्याचा हात मागे गेला आणि नऊ नंबरवर पडला.

चेंडू हिरवळीवर उतरला, छिद्रापासून वीस-बावीस फुटांवर. उरले दोन. पहिला त्याने जरा जास्त जोरात मारला, छिद्राच्या बाजूने चार फूट पुढे गेला. मी कार्डावर काही लिहिलं नाही, कारण चेंडू आत गेल्याशिवाय लिहायचं नसतं. तो चेंडूमागे जाऊन बसला, उठला, एक वाळलेलं पान उचलून बाजूला टाकलं. मग वाकला, डावा गुडघा किंचित आत घेऊन. या वेळी मी दुसरीकडे पाहिलं नाही.

चेंडू छिद्राच्या डाव्या कडेला लागला, कडेवरून अर्धा वळसा घेतला आणि आत पडला.

डॉक्टरांनी त्याला मिठी मारली. तो म्हणाला की थांबा, आधी कार्ड. तंबूत जाऊन त्याने माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि एकेका होलवर बोट ठेवून अठराच्या अठरा आकडे तपासले. मग मराठीत पूर्ण नाव घालून सही केली. मी माझी केली. मिनलताईंनी कार्ड घेतलं. त्यांची नजर पंधराव्या चौकोनात गेली, तीनवरच्या रेघेवर आणि पाचवर, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत प्रेमानंदच म्हणाला, “ते माहं तोंड होय, मॅडम. डॉक्टरसाहेबाले सहा नंबर घ्या म्हनलं.”

मिनलताईंनी पुन्हा एकदा बेरीज केली. ऐंशी. “बरोबर सांगितलं होतं का?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

“चार हातांवर पडला,” डॉक्टर म्हणाले.

मिनलताईंनी कार्डावर शिक्का मारला. “एक तारखेला सकाळी सहाला या, गजभिये,” त्या म्हणाल्या. “तेव्हा हवं तेवढं बोला. आम्ही त्याचाच पगार देणार आहोत.”

बाहेर तर्री-पोह्याच्या बश्या मांडल्या होत्या. प्रेमानंदने आपली बॅग तंबूच्या खांबाला टेकवली. बागेकडे पाहून एकदा हात वर केला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या कौशल्याने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती झाडांत शिरली. मग तो माझ्याकडे आला.

“बाई, कार्ड जमा झालं ना?”

“झालं.”

“मंग आता बोलू का?”

मी म्हटलं, बोला. त्याने खुर्ची ओढली आणि डॉक्टरांसमोर बसला. सोळाव्यापासून सुरुवात केली. डोकं लवकर उचलता. सतराव्याला डावा खांदा उघडा ठेवला. अठराव्याला स्टिक बरोबर घेतली होती, पण बागेकडे पाहत मारलं. बागेकडे पाहून मारलं तर चेंडू बागेतच जाईल, दुसरं कुठं जाईल, साहेब? डॉक्टरांचा पोह्याचा घास हातातच राहिला होता. त्यांनी बशी खाली ठेवली, खिसे चाचपले, आणि मग माझ्यापुढे हात केला. लिहून घ्यायला त्यांना पेन हवं होतं.

मी दिलं.